थायलंडात मुलाकडे राहता राहता निवृत्ती व्हिसा: पैसा कुठून आला, ते आधी बघा

फैजपूर, सावदा, भुसावळकडून मुलाकडे थायलंडात आलेली मंडळी मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "भाऊ, व्हिसासाठी परत जळगावला जावं लागेल का?" नाही. वय ५० पूर्ण असेल तर अर्ज इथूनच होतो. दर वर्षी एक अशा माझ्या सात मुदतवाढी झाल्या, शिवाय आपल्याकडच्या चार घरांचे कागद मीच लावून दिले. फॉर्ममुळे एकही अर्ज अडला नाही, अडले ते सगळे पैशाच्या वाटेवर.

आधी क्रम समजून घ्या. पर्यटक म्हणून आलेल्याला आधी 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसा घ्यावा लागतो. तो ९० दिवसांचा, फी २००० बाट. ते दिवस संपत आले की निवृत्तीच्या कारणाने वर्षाची मुदतवाढ, फी १९०० बाट, आणि पुढे दर वर्षी तीच. पहिला अर्ज करताना मुक्कामाचे निदान १५ दिवस शिल्लक हवेत. मी २१ धरतो, कारण एखादा कागद कमी पडला की दुसरी फेरी ठरलेलीच.

पासपोर्ट, फोटो, घराचा करार हे तुम्ही जमवालच. घरमालकाने तुमची टीएम ३० नोंद (परदेशी माणूस घरात राहतो, ही इमिग्रेशनला दिलेली खबर) केली आहे का, तेवढं पहिल्याच दिवशी विचारा. बँकेत खातं काढायला कटकट होते, एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरीत जा. खातं मात्र एकट्याच्या नावावर काढा. नवरा-बायकोच्या जोडखात्यातली रक्कम अर्धीच धरतात.

आता पैसा. थाई बँकेत ८ लाख बाट हवेत, म्हणजे आपले वीस लाखांच्या पुढे. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचाही मार्ग आहे, पण आपल्याकडच्या पेन्शनीत ते बसत नाही. त्या नादाला लागू नका.

मी इथेच आपटलो. पाच लाख बाट गावाकडून आले होते, तीन कमी पडत होते. मुलगा म्हणाला, "अण्णा, मी टाकतो ना." त्याने इथल्याच पगारखात्यातून तीन लाख वळते केले. पासबुकात आठ लाख दिसले आणि मी छाती काढून इमिग्रेशनला गेलो. बाईंनी पासबुक उलटं-सुलटं केलं, तीन लाखांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे परदेशातून आले कुठे? फाईल परत. मुक्कामाचे सोळा दिवस उरले होते. झोप गेली भो!

तेव्हा लक्षात आलं ते असं: व्हिसा बदलताना, म्हणजे पर्यटकाचा 'ओ' करताना, नुसती रक्कम पुरत नाही, ती देशाबाहेरून आल्याचा थाई बँकेचा दाखला लागतो. मुलाचा पैसा घामाचा असला तरी इथे तो चालत नाही. रोख डॉलर आणून खात्यात भरायच्या भानगडीतही पडू नका. भारतातल्या तुमच्या खात्यातून थेट तुमच्या थाई खात्यात पाठवा. आणि नाव! पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच दोन्हीकडे हवं. आपल्याकडच्या शाखेत आडनाव आधी लिहायची खोड असते, ती आधीच मोडा.

गावाकडून पाठवायचे दोन रस्ते. खातं अजून साधं, म्हणजे भारतात राहणाऱ्याचं असेल, तर आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापते. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर अडकतो. म्हणून मी सांगतो, मार्चमध्ये १० लाख, एप्रिलमध्ये १० लाख. वर उरेल तेवढ्यावरच कर. खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या कमाईचं खातं) झालं असेल आणि यावल-रावेरकडच्या वडिलोपार्जित मळ्याचे पैसे त्यात असतील, तर ते बाहेर पाठवायला सीएचं प्रमाणपत्र लागतं. सीएला महिनाभर आधी गाठा. 'उद्या देतो' म्हणजे पुढच्या आठवड्यात.

मुदतवाढीसाठी ही रक्कम आधीचे दोन महिने खात्यात पडून असावी लागते. व्हिसा बदलतानाच आठ लाख आत असले की ९० दिवसांत हे आपोआप निघतं. मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही, पुढेही चार लाखांच्या खाली उतरायचं नाही. एजंट म्हणेल, आम्ही पैसे दाखवतो, तुम्ही फक्त फी द्या. अशाला दारातूनच वाटेला लावा. पकडले गेलात तर पासपोर्ट तुमचा असतो, त्याचा नाही. या व्हिसाला सक्तीचा विमा लागतो म्हणूनही घाबरवतील. तो नियम भारतातून काढायच्या 'ओ-ए' नावाच्या दुसऱ्या व्हिसाचा आहे, याचा नाही.

बायको तुमच्यावर अवलंबून म्हणून येऊ शकते, तिला वेगळे आठ लाख नकोत. लग्नाचा नोंदणी दाखला मात्र हवा. आपल्या पिढीकडे नुसती पत्रिका असते, तेव्हा ग्रामपंचायतीकडून दाखला काढून, प्रमाणित करून मगच निघा.

अर्जाच्या दिवशी सकाळीच बँकेचं पत्र घ्या आणि पासबुक भरून घ्या, कालचं सगळीकडे चालत नाही. पुढे दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद.

आणि आखाजीला गावी निघण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना! एकदाचा १००० बाट, कितीही वेळचा ३८०० बाट. मी ३८०० वालाच घेतो. आमच्या ओळखीचे एक काका तो न घेता भाचीच्या लग्नाला चाळीसगावला गेले. विमानतळ सोडताच वर्षाची मुदतवाढ रद्द झाली, परत आल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागलं.