राजवाड्याचे दिवे लागले की फोटो कसा काढायचा

इंदूरला पाहुणे आले की संध्याकाळी होळकरांचा राजवाडा आणि मग सराफा बाजारातली रात्रीची खाऊगल्ली हे ठरलेलंच, पण बहुतेक जण कॅमेरा काढतात ते पूर्ण अंधार पडल्यावर, आणि मग आकाश काळं ठिक्कर, दिवे पांढरे फटक, वरचे चार लाकडी मजले कुठे संपतात तेच दिसत नाही. लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बरेच सेकंद उघडं ठेवून फोटो, करायचा असेल तर आधी पोचा. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाश गडद निळं व्हायला लागतं आणि त्याचा उजेड दिव्यांच्या उजेडाच्या जवळपास बरोबरीला येतो. हे सगळं जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकतं. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातनंतर, तसं घरून निघा. भुट्ट्याचा कीस कुठे पळून जात नाही, सोन्याची दुकानं बंद झाल्यावरच तर सराफा सुरू होतो.

उजेड आहे तोवर ट्रायपॉड लावून फ्रेम ठरवा, खिडकीच्या चौकटीवर फोकस करा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर टाका, नाहीतर नंतर अंधारात लेन्स नुसती मागेपुढे करत बसते. आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ किंवा ११, हात हलला तर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं हे दर चार मिनिटांनी बदलतं, म्हणून मी आधी आयएसओ १६०० वर एक टेस्ट मारतो, तिथे एक सेकंदात बरोबर आलं तर १०० वर १६ सेकंद, एवढा सोपा हिशोब आहे आणि यात वेळ फार वाचतो.

गर्दीला घाबरू नका. पंधरा-वीस सेकंदांत चालणारी माणसं जवळजवळ पुसली जातात, उभी राहिलेली धुरासारखी उरतात, आणि रिक्षांच्या मागच्या लाल दिव्यांच्या रेघा वाड्यासमोरून अशा वळत जातात की बघत राहावं. फक्त एखाद्या गाडीचा हेडलाइट थेट लेन्सवर आला तर काळा पुठ्ठा समोर धरायचा, गाडी गेली की काढायचा, शटर चालूच राहू द्यायचं, पण पुठ्ठा धरला तेवढे सेकंद वाया गेले म्हणून शटर थोडं जास्त ठेवा.

तिथून पायी जाण्यासारखं म्हणजे कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं. खान नदीच्या काठावर आहेत, दिवे लागले की शिखरं पाण्यात उतरतात, आणि २५-३० सेकंद दिले की पाण्यावरच्या बारीक लाटा मिटून प्रतिबिंब सलग दिसतं. माझे तिथले पहिले सगळे फोटो हलले होते, प्रत्येक शिखराला दोन कडा. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यावर फडफडत होता आणि माझं लक्षच नव्हतं! तेव्हापासून पट्टा आधी सोडून खिशात. पुलावरून काढत असाल तर जड गाडी गेल्यावर थोडं थांबा, पूल थरथरतो आणि ट्रायपॉडही त्याच्याबरोबर.

प्रवासात ट्रायपॉड नसेल तर आत्याची युक्ती सांगतो, कापडी पिशवीत अर्धा किलो मूग घालून तोंड शिवून टाकायचं, कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा दाबून बसवायचा, हलत म्हणून नाही. फोन असेल तरी हेच, फक्त प्रो मोड (जिथे आयएसओ, शटर स्वतः ठरवता येतं) लावा आणि बोटाने बटण दाबू नका, टायमर लावा.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा, पिवळ्या दिव्यांचा रंग घरी निवांत जुळवता येतो. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाचा, फोटोतले दाणे कमी करणारा पर्याय बंद ठेवा, ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून बसतो, आणि तेवढ्यात आकाश एक छटा काळं झालेलं असतं.