उन्हाळ्यात घरून काम करताय? लॅपटॉप असा थंड ठेवा

आमच्या नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बहुतेक लॅपटॉप ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे दुपारी मशीन स्लो झालं तर लगेच व्हायरस समजू नका, प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करतो.

आधी धूळ काढा. मशीन बंद करून खालच्या जाळीतून ब्लोअर मारा, पण आतला पंखा काडीने अडवून धरा नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवायचाच नाही, मागच्या बाजूला दोन वह्या लावून उचलला तरी हवा खेळते.

कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि गारवा येतच नाही. झोत तुमच्या अंगावर येऊ द्या, मशीनवर नको, पाण्याचे तुषार उडतात. पश्चिमेची खिडकी मात्र बाहेरून झाका, आतला पडदा उशिरा अडवतो, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीये, चार्जिंग लगेच बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या, यात अजिबात चालढकल नको.