बायोलॉजिकचा पहिला डोस घेण्याआधी

मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाने आमवात आटोक्यात येईना आणि डॉक्टरांनी बायोलॉजिकचं, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या महागड्या औषधाचं नाव काढलं, की किमतीच्याही आधी विचारा: हे औषध देतात कसं? ॲडालिमुमॅबचं इंजेक्शन त्वचेखाली, घरीच टोचता येतं. टोफासिटिनिब हे बायोलॉजिक नव्हे, पण याच टप्प्यावर सुचवतात; त्याच्या गोळ्या असतात. हा खर्च ओपीडीचा, आणि साध्या मेडिक्लेममध्ये तो बहुधा मिळत नाही. रिटुक्सिमॅब, इन्फ्लिक्सिमॅब हॉस्पिटलात सलाइनमधून चढवतात, तिथे डे-केअरखाली, म्हणजे रात्रभर न राहता घेतलेल्या हॉस्पिटलातल्या उपचाराखाली क्लेमला वाव असतो. पण म्हणून घरच्या इंजेक्शनसाठी खोटं ॲडमिशन दाखवू नका. पुढचे खरे क्लेमही अडकतात.

पॉलिसीचं माहितीपत्रक नको, पूर्ण वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा मजकूर काढा. विमा नियामकाच्या 2019 च्या आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची (रिटुक्सिमॅब, इन्फ्लिक्सिमॅब याच प्रकारची) इंजेक्शनं आहेत, पण त्यांवर सब-लिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम असू शकते. ती रक्कम लिहून घ्या. जुन्या आजाराचा वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) संपला का, तेही बघा. 2024 पासून तो जास्तीत जास्त 3 वर्षांचा आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो डॉक्टरांच्या पत्राला. माझ्या आईचा पहिला क्लेम फेटाळला गेला, कारण कागदावर नुसतं ‘सांधेदुखी, इंजेक्शन’ एवढंच होतं. दुसऱ्या वेळी पत्रात आजाराचं पूर्ण नाव, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्यांचे निकाल, आधीची औषधं कोणती, किती महिने घेतली, का पुरली नाहीत आणि हॉस्पिटलातच देणं का गरजेचं, हे सगळं आलं. असं पत्र टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) आधीच पाठवा, मंजुरी लेखी घ्या. टीबी आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या डोसआधी कराव्याच लागतात, त्यांची बिलंही जपा.

मग वर्षाचा हिशेब मांडा. ॲडालिमुमॅब साधारणपणे दर दोन आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला 26 डोस. बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. झायडस या भारतीय कंपनीने ॲडालिमुमॅबचं बायोसिमिलर 2014 मध्येच भारतात आणलं. औषध कंपनीची रुग्णसाहाय्य योजना असेल तर तिचाही फॉर्म मागा. पैशांची गोष्ट काढायला आम्ही फार संकोचलो, तो वेळ वाया गेला.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.