थायलंडला निवृत्त होऊन येताय? आधी शिक्क्याचं ऐका

दर नोव्हेंबरात कुणा ना कुणाच्या ओळखीनं एखादं मराठी जोडपं चियांग माईला ‘बघायला’ येतं. घरभाडं किती, गवार मिळते का, डॉक्टर इंग्रजी बोलतात का, सगळं विचारून होतं. निघताना दारात चपला घालता घालता व्हिसाची आठवण येते. “त्याचं काय, एजंट असतात ना!” आम्ही २०१५ साली आलो तेव्हा मीही हेच म्हणत होते. म्हणून हे लिहितेय.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. व्हिसा वेगळा, मुदतवाढ वेगळी. पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा मिळतो, त्यावर इथे ९० दिवस राहता येतं. तो संपायच्या आत इथल्याच इमिग्रेशन कचेरीत टीएम ७ हा अर्ज आणि १,९०० बाट भरून एक वर्षाची मुदतवाढ घ्यायची. मग दर वर्षी तेच. तुम्ही इथे राहता ते या मुदतवाढीवर. व्हिसानं तुम्हाला दारापर्यंत आणून सोडलं, त्याचं काम संपलं.

दुसरा आहे ‘ओ-ए’. तो आपल्या देशातून निघतानाच घ्यायचा. त्याला पोलिसांचा दाखला लागतो, वैद्यकीय दाखला लागतो आणि आरोग्य विमा लागतो, तोही दर वर्षी मुदतवाढीच्या वेळी पुन्हा दाखवायचा. सत्तरीनंतर विमा मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून माझं मत साध्या ‘ओ’ला. (विमा घेऊच नका असं मात्र नाही. इथलं चांगलं खाजगी रुग्णालय स्वस्त नाही.) तिसरा ‘ओ-एक्स’, तो १४ देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्यात भारत नाही. दहा वर्षांचा एलटीआर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या रहिवाशाचा व्हिसा आहे, पण निवृत्तांसाठी त्याची नेहमीची अट वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्नाची. ज्यांचं तेवढं आहे ते वकील ठेवतात, माझं लिखाण वाचत बसत नाहीत.

आता पैसे. थाई बँकेतल्या खात्यात ८ लाख बाट, अर्जाच्या आधी दोन महिने तिथे पडून असलेले. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने हात लावायचा नाही, त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. हा नियम २०१९ पासूनचा. दुसरा मार्ग महिना ६५,००० बाट उत्पन्नाचा, पण आपल्याकडच्या किती जणांचं पेन्शन तेवढं असतं? एकरकमी ठेव बरी. खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर ठेवा. आपल्याकडे सगळं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, तो हिशेब इथे लावायला गेलात तर काउंटरवर वाद होतो.

पैसे आपल्या भारतातल्या बँकेतूनच रीतसर पाठवा आणि परदेशातून आल्याची इथल्या बँकेची पावती जपून ठेवा. निवासी भारतीय असाल तर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वर गेलात की बँक टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापते. तो कर रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो, म्हणून रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन वर्षांत विभागून पाठवली तर बरं. इथे स्थायिक झाल्यावर तिकडचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवू नका. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. आमच्या ओळखीच्या एका बँकेतल्या निवृत्त साहेबांनीच ते चार वर्षं केलं नव्हतं.

आणि हो, कुणी म्हणेल, “पैसे नसले तरी चालतं, एजंट महिनाभरासाठी खात्यात भरतो.” असे लोक आहेत. आपल्यातले शिकलेसवरलेलेही त्यांच्याकडे जातात आणि वर मलाच सांगतात, “वहिनी, तुम्ही उगाच रांगेत उभ्या राहता.” मी रांगेतच बरी. परक्या देशात खोट्या कागदावर राहायचं आणि रात्री शांत झोपायचं, हे मला जमणार नाही.

बायकांनो, यापुढचं तुमच्यासाठी. नवऱ्याला निवृत्तीची मुदतवाढ असेल तर बायकोला ‘अवलंबून’ म्हणून त्याच्या आधारानं मुदतवाढ मिळते. तिचे वेगळे ८ लाख लागत नाहीत. लागतो तो विवाह नोंदणीचा दाखला, आणि आमच्या पिढीची गाडी तिथेच अडते. आमचं लग्न १९८४ चं. पुरावा म्हणजे लग्नपत्रिका आणि सासूबाईंच्या कपाटातला अल्बम. नोंदणी कोण करत होतं तेव्हा? ती आता करावी लागते. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आमचे भटजी कधीच देवाघरी गेले होते, मग प्रतिज्ञापत्र. साक्षीदार म्हणून यांचा मावसभाऊ काठी टेकत जिना चढून आला, त्याला चहा पाजला, आणि लग्नानंतर एकतीस वर्षांनी आमचं लग्न झालं.

दाखला हातात आला की लगेच पिशवीत घालू नका, तिथेच उभं राहून वाचा. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद बरोबर हवा. स्पेलिंगही दोन्हीकडे एकच हवं. पहिल्या वर्षी इथली अधिकारी मुलगी माझा पासपोर्ट आणि यांचा पासपोर्ट शेजारी ठेवून बराच वेळ बघत होती. मग माझ्या मधल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, हे तर तुमच्या नवऱ्याचं नाव, चुकून छापलं का? आमच्याकडे नवऱ्याचं नाव बायकोच्या नावात येतं, हे समजावताना माझी मोडकी थाई कामी आली नाही, हातवारे कामी आले. ती हसली आणि तिनं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही ते दाखवलं.

आमच्या वेळी थायलंडसाठी अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागदाला पुरणारा एकच शिक्का, चालत नव्हतं. आधी मंत्रालयातली साक्षांकनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग मुंबईच्या थाई वकिलातीचा, आणि इथे आल्यावर थाई भाषांतर करून त्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण दोन्ही देशांना लागू. हे सगळं निघण्याआधी उरका. इथे बसून तिकडचा शिक्का मिळवणं म्हणजे एखाद्या भाच्याच्या चार रजा खाणं.

थाई मुलीशी लग्न करून आलेली तरुण मुलंही मला विचारतात. त्यांना ४ लाख बाट किंवा महिना ४०,००० उत्पन्न पुरतं, मात्र कागद जास्त. लग्न भारतात झालं असेल तर इथल्या अंफूरमध्ये, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, त्याची नोंद करून घ्या. घरात दोघांचे एकत्र फोटो द्यावे लागतात, घराच्या नंबराच्या पाटीसकट. आधी ‘विचाराधीन’ असा ३० दिवसांचा शिक्का मिळतो. मधल्या काळात अधिकारी घरी येऊन बघूही शकतात. आले तर पाणी द्या, वाद घालू नका.

कचेरीतल्या गोष्टी थोडक्यात. अर्ध्या चड्डीत जाऊ नका. बारा ते एक जेवणाची सुट्टी धरूनच चला. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनानं सही. ज्या दिवशी अर्ज करायचा त्याच सकाळी बँकेत जाऊन शंभर बाट खात्यात भरा आणि पासबुक छापून घ्या, म्हणजे शेवटच्या ओळीत आजची तारीख येते. बँकेचं पत्रही ताजं हवं. थाई कागदांवर साल बुद्धाचं असतं, आपल्यापेक्षा ५४३ नं पुढे. २०२५ म्हणजे २५६८. शक आणि संवत सांभाळणाऱ्यांना त्यात काय अवघड! “तुमच्या वेबसाइटवर तर असं लिहिलंय” हे वाक्य तोंडातून काढू नका. टेबलाच्या पलीकडची बाई मागेल ते द्यायचं, हसून द्यायचं. आवाज चढवलात की इथे काम थांबतं. आपली माणसं इथेच हमखास चुकतात.

राहत्या पत्त्याची खबर घरमालकानं २४ तासांत द्यायची असते, तिला टीएम ३० म्हणतात. घर ठरवतानाच मालकिणीला विचारा, ती पावती देणार का. नाही म्हणाली तर दुसरं घर बघा, कारण मुदतवाढीच्या वेळी ती मागतात. आणि दर ९० दिवसांनी ‘मी अजून इथेच आहे’ असं कळवायचं. मुदतीच्या आधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस एवढी सवड असते, त्यानंतर स्वतःहून गेलात तरी २,००० बाट दंड. ते आता ऑनलाइनही होतं. पण ९० दिवसांची हजेरी दिली म्हणजे मुदत वाढली असं नव्हे, हे कृपा करून लक्षात ठेवा. तसं समजून एक गृहस्थ सव्वा महिना मुदतीबाहेर राहिले. दिवसाला ५०० बाटप्रमाणे २०,००० च्या कमाल दंडापर्यंत जवळजवळ पोचलेच.

आता आमची चूक. २०१७ च्या पावसाळ्यात रात्री अकराला फोन आला, यांचे थोरले भाऊ गेले. पहाटेचं विमान होतं. बॅग मी भरली: धोतर, गोळ्या, चार्जर, पासपोर्ट. पासपोर्ट उघडून पाहिलासुद्धा, मुदतवाढ पुढच्या मार्चपर्यंत. निश्चिंत झाले. तेरावं करून हे परत आले. बँकॉकच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पानं पुढे-मागे उलटली, मुदतवाढीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, “री-एन्ट्री?”

नव्हती. देशाबाहेर जाण्याआधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घेतलं नाही तर तुम्ही सीमा ओलांडता त्या क्षणी मुदतवाढ रद्द होते. आठ महिने उरले असोत की आठ दिवस. यांना बाजूच्या रांगेत पाठवलं, तेव्हाची फी घेऊन पर्यटकाचा १५ दिवसांचा शिक्का दिला. तेवढ्या दिवसांत इथे व्हिसा बदलून मिळत नव्हता. माझी मुदतवाढ तर यांच्याच आधारावर उभी, तीही लटकली. दोघं पुन्हा मुंबईला, पुन्हा नवा व्हिसा, पुन्हा सगळे कागद. चार तिकिटं आणि घरच्यांकडे काढलेले दीड महिने, तेही सुतकाच्या घरात.

हे परमिट एका खेपेचं १,००० बाट, कितीही खेपांचं ३,८००. अर्ज टीएम ८. मुदतवाढ मिळाली त्याच दिवशी, त्याच इमारतीत, कितीही खेपांचं घेऊन टाका. “आम्ही यंदा कुठे जाणार नाही” असं म्हणू नका. मृत्यूचा फोन विचारून येत नाही. अगदीच राहिलं तर सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही मिळतं, पण त्या मनःस्थितीत काउंटर शोधायचं सुचत नाही. दर वर्षी मुदतवाढ नवी, तसं परमिटही नवं. जुनं परमिट जुन्या मुदतीबरोबर संपतं. हे मी प्रत्येकाला तीनदा सांगते, आणि तरी गेल्या वर्षी एकानं दिवाळीला नातू बघायला जाताना तेच केलं.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नये. वर्षात १८० दिवस राहिलात की इथल्या करखात्याच्या लेखी तुम्ही इथले, तेव्हा तिकडून आणलेल्या पैशाबद्दल कर सल्लागाराशी बोला, माझ्याशी नको.

एक राहिलं, आणि ते बोलायला कुणालाच आवडत नाही. नवरा गेला की त्याच्या आधारानं मिळालेल्या बायकोच्या मुदतवाढीला टेकू उरत नाही. पन्नाशी उलटलेली असेल तर ती स्वतःच्या नावानं अर्ज करू शकते, पण त्याला ८ लाख तिच्या खात्यात हवेत, आणि नवऱ्याच्या खात्यातले पैसे तर वारसाचे कागद होईपर्यंत हलत नाहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंवर ही वेळ आली. अंत्यसंस्कारानंतर आठवडाभरात त्या माझ्याकडे पासबुक घेऊन आल्या, आणि त्यात नाव त्यांचं नव्हतं. म्हणून इथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथेच, थाई भाषेत करून ठेवा, आणि बायकोचं वेगळं खातं आजच उघडा.

मी उघडलंय. दोन वर्षं हळूहळू भरतेय, मार्चपर्यंत रक्कम पुरी होईल. यंदाचा अर्ज माझ्या नावानं. हे म्हणतात, मग मला अवलंबून म्हणून दाखव, माझे ८ लाख मोकळे होतील.