मुलांना घेऊन थंडीत बाहेर पडताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

डिसेंबर लागला की सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘रविवारी मुलांना कुठे न्यायचं?’ उत्तरंही ठरलेली असतात. फ्लेमिंगो बघा, नेरूळचं वंडर पार्क करा, येऊरला जा, संध्याकाळी तलावपाळी आहेच. ठिकाणं सगळी चांगली आहेत. गणित चुकतं ते वेळेचं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा उत्साह घराबाहेर पडल्यापासून दोन-अडीच तास टिकतो, आणि आपल्याकडची थंडीही सकाळी दहापर्यंतच. त्यानंतर उरतं ते ऊन, रांगा आणि भोकाड. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

‘निघालोच आहोत तर…’

सहलीचा घात करणारं वाक्य हेच. फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला निघालोच आहोत तर पुढे वंडर पार्क करू, वंडर पार्कला गेलोच तर खारघरचं सेंट्रल पार्क किती लांब? नकाशावर सगळं एका ओळीत दिसतं. प्रत्यक्षात दर ठिकाणी पार्किंग शोधायचं, तिकिटाला उभं राहायचं, एकाला शू, दुसऱ्याची चप्पल गाडीत राहिलेली, आजींना बसायला बाक हवा. यात पाऊण तास सहज जातो. मग मूल जेमतेम घसरगुंडीवर रमतं आणि ‘चला, चला, अजून एक बाग बघायचीय’ म्हणून त्याला उचलून गाडीत कोंबायचं. त्याने रडू नये तर काय करावं?

एका सकाळी एकच ठिकाण. तेही मुलाच्या हिशेबाने. वंडर पार्कात सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींपुढे फोटो हवे असतात ते आपल्याला. मुलाला टॉय ट्रेन हवी असते, आणि तीच पुन्हा पुन्हा. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे. लहान मुलांसाठी ती स्वतःच सहल आहे. बेलापूरला बसा, सेंट्रल पार्क स्टेशनला उतरा, बागेत तासभर खेळू द्या आणि आले तसे परत या. दुसरं ठिकाण करायचंच असेल तर दुपारची झोप घरी झाल्यावर, घराजवळचं. ठाण्यातल्यांना मासुंदा (म्हणजे तलावपाळीच) किंवा उपवन तलाव, वाशीकरांना मिनी सीशोअर. मात्र तलावाकाठी दिवेलागणीला डास फोडून काढतात, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही धरून चाला.

जाण्याआधी उघडं आहे का ते बघा. पालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. नाताळच्या सुट्टीत ‘सोमवारी गर्दी कमी असेल’ म्हणून जाणारे फाटकावरून परत येतात.

कानटोपी आणि अकराचं ऊन

जानेवारीत एखाद्या पहाटे ठाण्यात पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो आणि त्याच दुपारी तीसच्या आसपास जातो. आजी दारातच सांगते, ‘अगं, कानटोपी घाल त्याला, वारं लागेल.’ सकाळी साडेसातला आजीचं बरोबरच असतं. साडेदहाला त्याच मुलाचे केस घामाने कपाळाला चिकटलेले असतात, आतला बनियन ओला, आणि गाडीत बसल्या बसल्या बाबा एसी लावतात. दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं की दोष थंडीला.

एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे: सुती बनियन, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वर चेनवालं जॅकेट. नऊनंतर अधूनमधून मुलाच्या मानेमागे हात घालून बघा. ओलसर लागलं की एक थर उतरवा. हाताची बोटं गार लागतात म्हणून कपडे चढवत बसू नका, लहान मुलांची बोटं गारच असतात. बदलायला एक कोरडा बनियन जवळ असला म्हणजे झालं.

स्कूटरवर मात्र आजीचं ऐका. पुढे उभ्या मुलाच्या छातीवर सगळा वारा येतो. आणि संक्रांतीच्या आगेमागे मुलाला स्कूटरवर पुढे उभं करूच नका. बंदी असूनही नायलॉनचा मांजा उडतोच, आणि रस्त्यावर आडवा आलेला तो दिसत नाही.

थंडीत मुलं पाणी मागत नाहीत. तहान लागत नाही असं नव्हे, खेळात लक्षात येत नाही. दर अर्ध्या तासाने दोन घोट तुम्हीच पाजा.

आता ‘पहाटे निघा’ या सल्ल्याबद्दल. सगळ्यांना तो लागू नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर-धूळ खालीच कोंडून राहते. सकाळी घोडबंदर रोडवर किंवा खाडीपुलावर जे धुकं म्हणून आपण कौतुकाने बघतो, त्यात धूर बराच असतो. ज्या मुलाला बाळदमा आहे किंवा सारखी खोकल्याची ढास लागते, त्याला सहाला उठवून बाहेर काढू नका. साडेआठ-नऊला निघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप आहे, त्यात हवेचा निर्देशांक २०० च्या वर दिसला तर सहल पुढच्या रविवारी. ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला जाणाऱ्यांनीही घाई करू नये. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत.

फ्लेमिंगो बघायला जाऊन चिखल बघून येणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि ती टाळणं सर्वांत सोपं आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा २०१५ पासूनचा. २०२२ मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेली. तेव्हापासून सगळ्यांना वाटतं, गेलं की पक्षी समोर उभे. तसं नसतं. फ्लेमिंगो भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चालतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते दूर त्या चिखलात चरत असतात; काठावरून गुलाबी ठिपके दिसतात, बस. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की ते जवळच्या उथळ पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. सीवूड्सचा डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा त्यातल्याच. म्हणजे तलावावर जायचं तर भरतीच्या आसपास.

भरतीची वेळ काढायला अ‍ॅप आहेत, पण कोकणातला जुना हिशेब अजून चालतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊच्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन वाजता. खाडीत आत पाणी चढायला थोडा वेळ लागतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा. दशमी ते चतुर्दशीच्या दरम्यान रविवार आला तर भरती सकाळीच सापडते, ऊन चढायच्या आत. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

यात चुकलं की काय होतं ते तलावाच्या कठड्याशी दिसतं. बाबा मोबाइलचा झूम ताणून ताणून ‘ते बघ, ते बघ’ करत असतात, स्क्रीनवर गुलाबी चौकोन थरथरतात, आणि चिरंजीव पाठ फिरवून खडी बुटात भरत असतात.

महिना हाही मुद्दा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला पक्षी थोडेच असतात. जानेवारी ते मार्चमध्ये भरपूर. तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट तुंबली किंवा शेवाळ माजलं तर पक्षी फिरकतही नाहीत, म्हणून त्या आठवड्यात कोणी जाऊन आलंय का ते विचारा. आणि सगळे पक्षी गुलाबी नसतात हे मुलाला आधीच सांगून ठेवा. पिल्लं राखाडी असतात. गुलाबी रंग पुढे खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांमधून येतो. नाहीतर ‘हा फ्लेमिंगो नाहीच’ यावर तिथेच वाद होतो.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तीही भरतीच्या वेळेनुसार. आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका. बुकिंग करताना मुलाचं वय सांगून विचारा. माझ्या मते चार वर्षांखालच्या मुलाला बोटीत नेऊ नये. लाइफ जॅकेटमध्ये त्याला काही दिसत नाही, मध्येच उतरता येत नाही, आणि शू नेमकी खाडीच्या मध्यावर लागते.

शूवरून आठवलं. तलावाकाठी सोय नाही असंच धरून चाला. सीवूड्स-दारावे स्टेशनवरच मॉल आहे, तिथे सगळ्यांनी उरकून मग रिक्षा करावी. लागली नसली तरी.

चुकीची गाडी

ठाण्याहून नवी मुंबईला ट्रान्स-हार्बर लोकलने जाणार असाल तर दोन गोष्टी. पश्चिमेकडून आलात तर या गाड्यांचे नऊ-दहा नंबरचे प्लॅटफॉर्म स्टेशनच्या पार पूर्वेच्या टोकाला आहेत. बाबागाडी, पिशव्या आणि झोपाळलेलं मूल घेऊन अख्खा पूल ओलांडायला वेळ लागतो. बाबागाडी घरीच ठेवा, कडेवर घ्यायचा पट्टा किंवा ओढणीची झोळी बरी. दुसरं म्हणजे इंडिकेटर वाचा. तुर्भ्यानंतर रस्ते फुटतात: वाशी गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेल गाडी जुईनगरकडे. सीवूड्सला जायचं आणि समोर आली म्हणून वाशी गाडी पकडली, तर हार्बरच्या गर्दीत पुन्हा गाडी बदलावी लागते. रविवारी मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवा. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

डबा

सहलीला निघताना ठाण्यातल्या मोठ्यांना मामलेदारची मिसळ आठवते, आणि ‘कमी तिखट सांगू त्याच्यासाठी’ असंही ठरतं. ती मिसळ तिखटासाठीच नावाजलेली. मुलाला तिच्यापासून लांब ठेवा आणि त्याचा डबा घरून न्या. तूप-साखरेची पोळी, केळं, दहीभात. साडेअकराला पोटात काही गेलं तर बारा वाजताची रडारड निम्म्याने कमी होते.

थंडीचा खाऊ लहानांसाठी जपून. अख्खे शेंगदाणे, चिक्की, हरभरे, बियांसकट बोरं चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, आणि आपण ती चालत्या गाडीत मागच्या सीटवर देतो. बोरांची बी काढा, चिक्कीऐवजी मऊ तिळाचा लाडू मोडून द्या. येऊर किंवा कर्नाळ्याला गेलात तर खाऊ हातात धरून फिरू देऊ नका, माकडं पिशवी ओळखतात. येऊरमध्ये बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळ व्हायच्या आत खाली उतरा आणि मुलांना झाडीकडे एकटं सोडू नका.

एवढं करूनही बिघडलंच तर

मूल विनाकारण किरकिर करत असेल तर आधी खाऊ, मग पाणी, मग सावली, मग कपड्याचा एक थर कमी, या क्रमाने बघा. ओरडून काही होत नाही. तरीही थांबलं नाही तर झोप आली आहे. तिकिटाचे पैसे विसरा आणि परत फिरा. गाडीत झोपलं तर एक मोठं माणूस आतच बसलेलं हवं. थंडीतही उन्हातली बंद गाडी तापते, पाच मिनिटांसाठीही मूल एकटं ठेवायचं नाही.

घोडबंदरच्या थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये ओकारी होते. निघण्याआधी ग्लासभर दूध देणं बंद करा, मोबाइल हातात देऊ नका, काच थोडी खाली. झालीच तर कपडे बदला, तोंड धुवा आणि अर्ध्या तासाने पाण्याचे छोटे घोट. लगेच पोट भरायला जाऊ नका.

मूल गर्दीत दिसेनासं झालं तर दोघांनी दोन दिशांना धावू नका. एकाने शेवटचं दिसलेल्या जागी थांबायचं, दुसऱ्याने थेट बाहेरच्या फाटकावर आणि सुरक्षारक्षकाकडे. सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढलेला असेल तर वर्णन करत बसावं लागत नाही. त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शर्टावर बाहेरून नाव लिहू नका. पोलिसांसाठी ११२, चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

परत आल्यावर रात्री थोडा खोकला आला तर कोमट पाणी द्या आणि लवकर झोपवा. पण श्वास जोरात चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल किंवा मूल पाणी-दूधही घेत नसेल, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.