शहरात राहून डोकं सतत तापलेलं असतं? या चुका टाळा

झोप पूर्ण होते, कामाचाही फार ताण नाही, तरी चिडचिड काही थांबत नाही. मग आपण दोष देतो स्वभावाला नाहीतर ऑफिसला, आजूबाजूचा आवाज, उजेड, गर्दी यांच्याकडे लक्षच जात नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "आता सवय झालीय" म्हणून विषय सोडून देणं. मनाला सवय होते हो, शरीराला तेवढी होत नाही. गाढ झोपेत असताना बाहेरून ट्रक गेला तर जाग येत नाही कदाचित, पण हृदयाचे ठोके तेवढ्यापुरते वाढतात, आणि रात्रभर हेच चालू राहिलं तर सकाळी फ्रेश कसं वाटणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात वाहनांचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवा असं सांगितलंय. म्हणून बेड रस्त्याकडच्या खोलीत असेल तर आधी तो आतल्या खोलीत हलवता येतो का बघा, बाकीचे उपाय नंतर.

दुसरी चूक, आवाज किती मोठा आहे एवढंच बघायचं. तो कधी येईल आणि कधी थांबेल हे माहीत नसणं जास्त छळतं. १९७० च्या आसपास अमेरिकेत ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मध्येच कधीही येणारा कर्कश आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करायचं बटण दिलं पण शक्यतो दाबू नका म्हणून सांगितलं. बटण न दाबताही ती माणसं नंतरच्या कामात जास्त वेळ टिकली. मला तर हा सगळ्यात उपयोगी मुद्दा वाटतो, कारण शेजारी ड्रिलिंग चालू असेल तर ते बंद करणं आपल्या हातात नसतं, पण "किती ते किती चालणार?" हे जाऊन विचारणं नक्की असतं, मग फोन कॉल, अभ्यास, बाळाची झोप त्याप्रमाणे पुढेमागे करता येते.

बाहेरचा आवाज दाबायला हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवू नका, कानावरचा भार उलट वाढतो.

आणि ब्रेक घेतला म्हणजे बागेत बसून मोबाईल बघणं, हे तर सगळेच करतात. २०१९ च्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात लोकांना फोन, वाचन, गप्पा सगळं बाजूला ठेवून झाडांमध्ये बसायला किंवा चालायला सांगितलं होतं, तेव्हा कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन सगळ्यात वेगाने उतरलं ते २० ते ३० मिनिटांच्या दरम्यान. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा जा, पण महिन्यातून एकदा लांब फिरून आलं की भागतं असं समजू नका.

रोजचा रस्ता जवळचा म्हणून गर्दीतूनच निवडणं हीसुद्धा चूकच, पाच मिनिटं जास्त लागली तरी आतल्या गल्लीतून चालत जा, आवाज आणि धूर दोन्ही कमी.

हे सगळं एकदम सुरू करू नका, नाहीतर नेमका फरक कशाने पडला ते कळणार नाही. एक आठवडा फक्त चिडचिड कुठे आणि किती वाजता होते ते लिहून ठेवा, मग त्यातली एकच गोष्ट बदला. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल किंवा छातीत धडधड होत असेल तर बेड हलवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.