होस्टिंगचे नियम बदलले की जुन्या मशीनवरचा रेपो कसा हलवायचा

ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी माझ्याकडे एक जुना पॉवरपीसी मॅक आहे. त्यावर चालणारा मराठी टायपिंगचा एक छोटा मुक्तस्रोत प्रोग्राम मी अजून सांभाळतो. होस्टिंगमधला, म्हणजे कोड इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेतला, बदल आमच्यासारख्यांना सगळ्यात आधी बोचतो. गिटहब या अशाच सेवेने २२ फेब्रुवारी २०१८ रोजी टीएलएस १.० आणि १.१ (जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्या) बंद केलं. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटसाठी (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन; एका प्रोग्रामचा असा साठा म्हणजे रेपो) खात्याचा पासवर्ड चालेनासा झाला आणि मार्च २०२२ मध्ये डीएसए या जुन्या प्रकारच्या लॉगिनच्या किल्ल्याही गेल्या. सुरक्षिततेसाठी हे योग्यच होतं, पण जुन्या मशीनवाल्याला वाट स्वतःच काढावी लागते. (खालच्या कमांड टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करा.)

पायरी १. सेवेने पाठवलेली बदलाची सूचना शेवटपर्यंत वाचा. लॉगिनची पद्धत बदलतेय की सेवाच बंद होतेय? बिटबकेट या सेवेने २०२० मध्ये मर्क्युरियलचा (गिटसारखंच दुसरं साधन) आधार काढून घेतला, तेव्हा नवी किल्ली करून काहीच भागत नव्हतं.

पायरी २. नव्या संगणकावर ‘गिट क्लोन --मिरर’ने पूर्ण प्रत घ्या. त्यात सगळ्या शाखा आणि टॅग येतात. मोठ्या फायली एलएफएसमध्ये (गिटची मोठ्या फायली वेगळ्या ठेवण्याची सोय) असतील तर त्या ‘गिट एलएफएस फेच --ऑल’ने वेगळ्या आणाव्या लागतात.

पायरी ३. इश्यू, म्हणजे रेपोच्या पानावर नोंदवलेल्या अडचणी आणि त्यांवरची चर्चा, विसरू नका. ते गिटच्या इतिहासात नसतात. एकदा घाईत हलताना मी फक्त कोड उचलला. ‘दुसर्‍या’मधला अर्धा र का तुटतो, याचा ऐरोलीच्या एका मित्राने शोधून लिहिलेला सगळा माग त्यात गेला. कोड पुन्हा लिहिता येतो, तो माग मला परत मिळाला नाही. जुनी सेवा चालू असतानाच नव्या ठिकाणची आयात सुविधा वापरा. कोडबर्ग ही होस्टिंग सेवा ज्यावर चालते त्या फोर्जेजो सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या खात्याचं टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा संकेत) दिलं की इश्यू, लेबलं आणि पुल रिक्वेस्टही (इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल) आणता येतात.

आयात सुविधा नसेल तर इश्यू एपीआयने (सेवेकडून प्रोग्रामद्वारे माहिती घेण्याची सोय) उतरवून ठेवा आणि नवा रेपो रिकामा असतानाच ‘गिट पुश --मिरर’ करा. भरलेल्या रेपोवर ही कमांड नको: तुमच्या प्रतीत नसलेल्या शाखा ती तिथून पुसून टाकते.

पायरी ४. जुनं मशीन नव्या होस्टशी थेट बोलत नसेल तर पेनड्राइव्ह घ्या. जुन्या मशीनवर ‘गिट बंडल क्रिएट’, पुढे फाइलचं नाव, शेवटी ‘--ऑल’. सगळा इतिहास एका फाइलीत येतो. नव्या संगणकावर नव्या पत्त्यावरून साधा क्लोन घ्या, तिथे ‘गिट बंडल व्हेरिफाय’ने फाइल तपासा, मग त्याच फाइलीवरून ‘गिट पुल’ करा आणि होस्टवर पुश करा. उलट दिशेनेही हेच चालतं. वेळ जातो, पण घरातल्या नेटवर्कवर जुनी, कमकुवत एसएसएच (दुसऱ्या संगणकावर दुरून लॉगिन करण्याची) पद्धत उघडी ठेवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

पायरी ५. जुन्या रेपोच्या रीडमीत (ओळख करून देणाऱ्या फाइलीत) नवा पत्ता सर्वात वर लिहा आणि मगच तो रेपो आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेवा. सहकाऱ्यांना ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ची पूर्ण ओळच पाठवा. सबमॉड्यूलमधले (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंचे) जुने पत्तेही शोधून बदला. बंडलची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. माझी आता ऐरोलीला त्याच मित्राकडे असते, दर महिन्याला नवी.